विश्लेषण : बस्टर कीटनचे मूकपट वाचले कसे, आणि आज ऑनलाइन शोधताना नेमकी कोणती प्रत पाहायची?

बस्टर कीटनचे नाव इंटरनेट अर्काइव्हच्या शोधचौकटीत टाकले, की ‘द जनरल’ या एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती समोर येतात. एकीची लांबी दुसरीशी जुळत नाही. कुठे पियानो वाजतो, कुठे पूर्ण वाद्यवृंद, तर कुठे काहीच ऐकू येत नाही. एका प्रतीत माणसे पळत सुटल्यासारखी चालतात, दुसरीत चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग दिसतो. चित्रपट एकच, मग असे का? याचे उत्तर तंत्रात जितके आहे, तितकेच कीटनच्या आयुष्यात आहे. चार्ली चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड यांच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले जाते, त्या या अमेरिकी विनोदवीराने आपले सर्वोत्तम चित्रपट बनवले तेव्हा त्यांची मालकी त्याच्याकडे नव्हती. ते जपून ठेवायला हवेत, असे ज्यांची मालकी होती त्यांना बराच काळ वाटले नाही.

रंगमंचावर फेकले जाणारे पोर

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ चा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पिक्वा या छोट्या गावातला. गाव त्याचे नव्हतेच. वडील जो आणि आई मायरा हे फिरते कलाकार. मुक्काम तिथे होता म्हणून मूल तिथे जन्मले. त्या काळी ‘व्होडव्हिल’ जोरात होते. गाणी, कसरती, नकला, जादूचे प्रयोग असे सगळे एकाच तिकिटात दाखवणारा हा फिरता खेळ. तमाशाच्या फडासारखेच बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव जायचे.

‘द थ्री कीटन्स’ या त्यांच्या खेळाचा गाभा साधा होता : खोडकर पोर बापाला छळते आणि बाप त्याला उचलून फेकतो. पोराच्या अंगरख्याला पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असे, फेकायला सोपे जावे म्हणून. बालकलाकारांच्या कायद्यांमुळे या खेळावर वारंवार कारवाईही झाली. पडायचे कसे हे कीटन या वयात शिकला. आणखी एक गोष्ट शिकला : पडल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात, चेहरा दगडासारखा ठेवला तर जास्त. तोच चेहरा पुढे जगभर ओळखला गेला. ‘बस्टर’ हे नाव प्रसिद्ध जादूगार हुडिनीने ठेवले, ही कथा तुम्ही वाचली असेल. ती छान आहे, पण चरित्रकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत.

वडिलांचे दारूचे व्यसन वाढले आणि १९१७ मध्ये खेळ मोडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कीटनची भेट रॉस्को ‘फॅटी’ आर्बकल या त्या वेळच्या मोठ्या विनोदी नटाशी झाली आणि ‘द बुचर बॉय’ या लघुपटात तो पहिल्यांदा पडद्यावर आला. स्टुडिओतला कॅमेरा आतून कसा चालतो हे पाहण्यासाठी त्याने तो खोलून पुन्हा जोडला, असे सांगतात. इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हा माणूस इथेच आवडून जावा.

आठ वर्षांचे सोने

१९१८ मध्ये सैन्यात भरती होऊन तो फ्रान्सला गेला. लढाई फारशी पाहिली नाही, पण कानाच्या संसर्गाने ऐकू येणे कमी झाले. परतल्यावर १९२० मध्ये निर्माता जोसेफ शेंक याने त्याला स्वतंत्र स्टुडिओ उभारून दिला. पुढच्या तीन वर्षांत १९ लघुपट झाले. त्यातला ‘वन वीक’ आजही पाहावा. एका नवविवाहित जोडप्याला सुटे भाग जोडून उभे करायचे घर भेट मिळते, आणि कुणीतरी खोक्यांवरचे क्रमांक बदलून ठेवतो. पुढे काय होते ते सांगत नाही. ज्याने कधी स्वतः कपाट जोडले आहे त्याला कळेल.

नंतर मोठे चित्रपट आले : ‘अवर हॉस्पिटॅलिटी’, ‘शेरलॉक ज्युनियर’, ‘द नॅव्हिगेटर’, ‘सेव्हन चान्सेस’. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (१९२४) कीटन चित्रपटगृहातला प्रोजेक्टर चालवणारा आहे. तो झोपतो आणि स्वप्नात थेट पडद्यावरच्या चित्रपटात शिरतो. याच चित्रपटात पाण्याच्या टाकीच्या नळाखाली पडताना त्याच्या मानेचा मणका मोडला होता. हे अनेक वर्षांनी एका वैद्यकीय तपासणीत उघड झाले. तोवर तो त्याच मानेने काम करत राहिला.

‘द जनरल’चे चित्रीकरण १९२६ च्या उन्हाळ्यात ओरेगॉन राज्यात कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ झाले. जळत्या पुलावरून खरे रेल्वे इंजिन नदीत कोसळते, हा त्यातला प्रसंग मूकपटांच्या काळातील सर्वांत महागड्या दृश्यांपैकी एक मानला जातो. ते एकदाच घेता येणार होते. लहान प्रतिकृती नाही, कॅमेऱ्याची जादू नाही. नदीत पडलेले इंजिन पुढे दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढेपर्यंत तिथेच होते. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) वादळात घराची अख्खी पुढची भिंत कीटनवर कोसळते आणि तो उघड्या खिडकीच्या चौकटीतून तसाच उभा राहतो. भिंत खरी, वजन खरे, आणि दोन्ही बाजूंना जागा जेमतेम काही इंचांची.

‘द जनरल’ त्या वेळी पडला. समीक्षकांनाही तो फारसा रुचला नाही. यानंतर शेंकच्या सल्ल्याने कीटन १९२८ मध्ये एमजीएम या बड्या कंपनीत गेला. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या या माणसाला तिथे पटकथा मंजूर करून घ्यावी लागे. पहिला चित्रपट ‘द कॅमेरामन’ उत्तम झाला, त्यानंतर घसरण. दारू वाढली, १९३२ मध्ये पत्नी नॅटली टॅलमॅजशी घटस्फोट झाला. मुलांचे आडनावही बदलून आईचे झाले. १९३३ मध्ये एमजीएमने काढून टाकले. पुढची वर्षे कमी खर्चाचे लघुपट आणि त्याच एमजीएममध्ये इतरांच्या चित्रपटांसाठी गमती सुचवण्याचे काम, यात गेली. १९४० मध्ये एलिनॉर नॉरिस या नर्तकीशी लग्न झाले. त्याचे आयुष्य पुन्हा जागेवर आले त्याचे बरेच श्रेय तिला दिले जाते.

चित्रपट नाहीसे होतात म्हणजे काय?

चॅप्लिन आणि लॉइड यांनी आपल्या चित्रपटांचे हक्क स्वतःकडे ठेवले. दोघांकडे पैसा होता, तिजोरीसारखी कोठारे होती. कीटन पगार आणि नफ्यातला वाटा घेत असे. नावाला ‘बस्टर कीटन प्रॉडक्शन्स’ असले तरी कंपनी शेंक आणि त्याच्या भागीदारांची होती. अर्थात मालकी असून सगळे वाचतेच असेही नाही. १९४३ मध्ये लॉइडच्या घरच्या कोठाराला आग लागली आणि त्याचे सुरुवातीचे अनेक लघुपट गेले.

आगीचे कारण रसायनशास्त्रात आहे. १९५० च्या आसपासपर्यंत ३५ मिलिमीटर फिल्म ‘सेल्युलोज नायट्रेट’वर बने. चित्र सुरेख उमटे, पण ही पट्टी अत्यंत ज्वलनशील. जळताना स्वतःच ऑक्सिजन निर्माण करते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. जळाली नाही तरी उष्ण, दमट हवेत ती चिकट होते, मग फसफसते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. त्यात बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नव्हती. पट्टीतली चांदी काढून घेण्यासाठी कित्येक प्रती मुद्दाम नष्ट केल्या गेल्या.

अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तिथे बनलेल्या १०,९१९ मोठ्या मूकपटांपैकी फक्त १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. सुमारे ७० टक्के पूर्ण नाहीसे झाले. आपल्याकडची स्थिती याहून वाईट आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना लागलेल्या आगीची बातमी अनेक वाचकांना आठवत असेल. त्यात ‘प्रभात’च्या काळातला ठेवाही गेला.

हे आकडे पाहिले की कीटनच्या बाबतीत घडले ते नशीबच म्हणायला हवे.

मग त्याचे चित्रपट सापडले कुठे?

पहिला मोठा साठा त्याच्याच जुन्या घरात होता. बेव्हर्ली हिल्समधला त्याचा इटालियन धाटणीचा बंगला घटस्फोटात हातचा गेला होता. पुढे तो ब्रिटिश नट जेम्स मेसनने विकत घेतला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मेसनला तिथे कीटनच्या नायट्रेट फिल्मची रिळे सापडली. त्यात ‘द बोट’ (१९२१) या लघुपटाची तेव्हा ज्ञात असलेली एकमेव प्रत होती. मेसनने रिळांवरचे चित्रपट सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतले. दुसऱ्या कुणी खोली आवरताना ती कचऱ्यात टाकली असती, तर आज तो लघुपट आपल्याला नुसता नावाने माहीत असता.

दुसरा माणूस रेमंड रोहॉअर. लॉस एंजेलिसमध्ये जुने चित्रपट दाखवणारे ‘कोरोनेट’ चित्रपटगृह तो चालवत असे. १९५४ मध्ये कीटन त्याला भेटला. कीटनकडच्या खराब होऊ लागलेल्या प्रती रोहॉअरने नव्या फिल्मवर उतरवल्या, जगभरातून आणखी प्रती गोळा केल्या आणि हक्कांसाठी कोर्टकचेऱ्या केल्या. पाट्या बदलून ‘नव्या’ आवृत्तीवर हक्क सांगणे, इतरांच्या खेळांना नोटिसा पाठवणे, यामुळे चित्रपट अभ्यासकांत त्याचे नाव फार प्रेमाने घेतले जात नाही. तरी हिशेब मांडायचा तर त्याने बिघडवले त्यापेक्षा वाचवले जास्त, असे म्हणावे लागते. आज ऑनलाइन दिसणाऱ्या अनेक प्रतींचे मूळ त्याच्याच संग्रहात निघते.

याच सुमारास कीटनची कीर्तीही परतत होती. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजी याने ‘लाइफ’ साप्ताहिकात मूक विनोदपटांवर गाजलेला लेख लिहिला होता. कीटन पॅरिसच्या सर्कशीत आणि टीव्हीवर काम करत होता. चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’मध्ये (१९५२) दोघे एकत्र दिसले. १९६० मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळाले. १९६५ च्या व्हेनिस महोत्सवात प्रेक्षक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिले. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. आपले चित्रपट पुन्हा पाहिले जात आहेत, हे त्याला पाहता आले. त्या काळातल्या फार थोड्यांच्या वाट्याला हे आले.

मृत्यूनंतरही शोध सुरूच

‘द कॅमेरामन’ची कथा अजब आहे. १९६५ मध्ये एमजीएमच्या कोठाराला लागलेल्या आगीत तो कायमचा गेला असे मानले जात होते. १९६८ मध्ये पॅरिसमध्ये एक प्रत सापडली. १९९१ मध्ये दुसरी मिळाली. तिचा दर्जा कितीतरी चांगला, पण काही भाग नाही. आज आपण पाहतो तो चित्रपट या दोन्ही जोडून तयार झाला आहे. पाहताना मधेच चित्र अचानक मऊ, धूसर झाले तर तुमच्या नेटचा दोष समजू नका. तो जोड असू शकतो.

‘हार्ड लक’ (१९२१) कित्येक दशके बेपत्ता होता. ब्रिटिश अभ्यासक केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८७ मध्ये तो तुकड्यांतून उभा केला, तेव्हाही शेवटचा प्रसंग नव्हता. स्वतः कीटन त्याच प्रसंगाला आपला सर्वांत मोठा हशा मिळवणारी गंमत मानत असे. तो नंतर मिळाला. आर्बकलबरोबरचा ‘द कुक’ (१९१८) १९९८ मध्ये नॉर्वेच्या चित्रपट संग्रहालयात सापडला. २०१३ मध्ये अर्जेंटिनाचे अभ्यासक फर्नांडो पेन्या यांनी ‘द ब्लॅकस्मिथ’ची वेगळीच आवृत्ती समोर आणली. हा लघुपट ‘हरवलेला’ कधीच नव्हता. तरीही नव्या प्रतीत आधी कुणी न पाहिलेली काही मिनिटे निघाली.

एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या कशा? मूकपटांच्या काळात अनेकदा दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून चित्रीकरण होई. एकाची निगेटिव्ह देशात, दुसऱ्याची परदेशी वितरणासाठी. शिवाय प्रदर्शनानंतरही काटछाट आणि नव्याने चित्रण होई. पाट्या तर प्रत्येक देशात आपापल्या भाषेत. डिजिटल पिढीला ‘ओरिजिनल फाइल’ नावाची एक गोष्ट असते असे वाटते. या चित्रपटांच्या बाबतीत तशी फाइल शोधणेच चुकीचे ठरते. परदेशी गेलेली, विसरली गेलेली, चुकीच्या डब्यात ठेवलेली प्रतच अनेकदा वाचली. बॅकअप एका ठिकाणी ठेवू नये, हा संगणकाच्या वर्गातला पहिला धडा इथे कुणी ठरवून पाळला नव्हता. तो आपोआप पाळला गेला.

ऑनलाइन प्रतीत फरक का दिसतो?

सर्वांत मोठे कारण वेग. मूकपटाचा कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई, सेकंदाला साधारण १६ ते २४ चित्रे या दराने. बोलपटांनी २४ हा आकडा पक्का केला. ३५ मिलिमीटरच्या एक हजार फूट रिळात १६ हजार चित्रे बसतात. १६ च्या दराने ते पावणेसतरा मिनिटे चालते, २४ च्या दराने सव्वाअकरा मिनिटांहून कमी. म्हणजे हळू चित्रित केलेला लघुपट टीव्हीच्या वेगाने उतरवला, की माणसे दीडपट वेगाने धावतात. जुने विनोदपट ‘तसेच’ असतात हा आपला समज बऱ्याच अंशी या चुकीतून आला. कीटनलाही वेगाशी खेळायला आवडे, त्यामुळे प्रत्येक चित्रपटाचा ‘बरोबर’ वेग कोणता यावर तज्ज्ञांतही वाद आहेत.

दुसरे, प्रतीवरून प्रत. प्रत्येक वेळी बारकावे कमी होतात, काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे होते. कीटनसारख्या नटाला याचा फटका जास्त बसतो. त्याचा चेहरा हलत नाही, सगळा अभिनय डोळ्यांत. खराब प्रतीत डोळेच पुसले जातात आणि मग हा माणूस खरोखरच दगडी वाटू लागतो. तिसरे, मूकपटाची चौकट फिल्मच्या पूर्ण रुंदीची असे. बोलपटाच्या यंत्रावर उतरवताना ध्वनिपट्टीसाठी डावीकडची कड कापली जाते. एखाद्या प्रतीत कडेचा माणूस अर्धाच दिसत असेल, तर कारण हे असू शकते.

इटलीतील बोलोन्याची ‘चिनेतेका’ ही संस्था आणि अमेरिकेतील ‘कोहेन फिल्म कलेक्शन’ यांनी २०१५ मध्ये कीटनच्या चित्रपटांचा मोठा पुनरुज्जीवन प्रकल्प हाती घेतला. यात जगभरातील उरलेल्या प्रती मागवून त्यांची दृश्यागणिक तुलना केली जाते आणि प्रत्येक दृश्य जिथे सर्वांत चांगले असेल तिथून घेतले जाते.

पाहणे कायदेशीर आहे का?

अमेरिकेत त्या काळातल्या चित्रपटांचे हक्क ९५ वर्षांनी संपतात. १ जानेवारी २०२५ ला १९२९ चे चित्रपटही मुक्त झाले. कीटनचा शेवटचा मूकपट ‘स्पाइट मॅरेज’ त्याच वर्षीचा. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे मूळ मूकपट दोन्हीकडे मुक्त आहेत. नव्याने रचलेले संगीत मात्र ज्याचे त्याचे. म्हणूनच पुनरुज्जीवित प्रती ऑनलाइन अनेकदा दुसऱ्याच संगीतासह किंवा अगदी मुक्या आढळतात.

शोधायचे कसे?

मूळ इंग्रजी नाव आणि वर्ष दोन्ही टाका. नुसते ‘कीटन कॉमेडी’ शोधले तर गाळ वर येतो. कालावधी पाहा : ‘द जनरल’ साधारण सव्वा तासाचा, ‘शेरलॉक ज्युनियर’ पाऊण तासाचा. फार तफावत असेल तर वेग किंवा काटछाट यांपैकी काहीतरी गडबड आहे. वर्णनात प्रत कुठून घेतली हे लिहिणाऱ्याला प्राधान्य द्या. इंटरनेट अर्काइव्हवर प्रत्येक चित्रपटाच्या सगळ्या फाइल्सची यादी उघडता येते. त्यात अपलोड करणाऱ्याची मूळ फाइल आणि तिच्यावरून बनवलेल्या लहान फाइल्स वेगळ्या दिसतात. मूळ घ्या. विकिमीडिया कॉमन्सवरही काही चांगल्या प्रती आहेत.

‘कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगीत केलेल्या, सेकंदाला ६० चित्रांच्या’ आवृत्त्यांपासून मात्र लांब राहा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातली निम्म्याहून अधिक चित्रे कॅमेऱ्याने कधी टिपलीच नव्हती. ती संगणकाने अंदाजाने भरलेली असतात. अंतर आणि वेळ इंचाइंचाने मोजून पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे जास्तच खटकते.

अर्काइव्हवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि संकेतस्थळ अनेक दिवस बंद होते. आवडलेला मुक्त चित्रपट स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवणे यात गैर काही नाही.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर ‘वन वीक’पासून. नंतर ‘शेरलॉक ज्युनियर’. म्हातारा कीटन पाहायचा असेल तर कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने आपल्या संकेतस्थळावर ‘द रेलरोडर’ (१९६५) हा लघुपट मोफत ठेवला आहे. मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रदर्शित झालेल्या या लघुपटात तो रुळांवरच्या छोट्या गाडीतून एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत अख्खा देश पार करतो, एक शब्दही न बोलता. सापडणार नाही तो ‘अ कंट्री हीरो’. १९१७ मध्ये आर्बकल आणि कीटनने केलेला हा लघुपट, ज्यात पोराला रंगमंचावर फेकणारा बाप जो यानेही काम केले होते, आजतागायत कुठल्याच संग्रहात मिळालेला नाही.